आक्काच्या गाठीचा फोटो

माझ्या थोरल्या बहिणीच्या डाव्या किडनीत ३.४ सेंटिमीटरची गाठ आहे आणि ती काढलेली नाही. हे ऐकलं की आमच्याकडे लोक आधी विचारतात, पैशाची अडचण झाली का? तशी अडचण नव्हती. डॉक्टरांनी हात वर केले असंही नाही. उलट पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख मिळत होती. ती तारीख आधी पुढे का गेली आणि नंतर रद्द का झाली, हे पाहुण्यारावळ्यांना इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

मी नारायणगावात राहतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. आक्काचं सासर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावजवळ, घोड नदीच्या काठाला. साठी उलटली तरी खुरपं तिच्या हातातून सुटलेलं नाही. तिला मुतखड्याचा त्रास फार जुना. कळ आली की पानफुटीची पानं चावायची, कुळथाचं कढण प्यायचं, दोन दिवस गपगार पडून राहायचं. कळ थांबली की विषय संपला. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांच्या मुतखड्याची कथा हीच आहे. खडा निघून गेला असं त्या समजतात. तो मूत्रनळीत अडकून बसला, तर दुखणं थांबतं आणि वरची किडनी मात्र हळूहळू फुगून, दबून, शेवटी आकसून जाते. आक्काच्या उजव्या किडनीचं हेच झालं होतं आणि त्याचा कुणाला पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो पित्ताच्या संशयावरून. रात्री जेवल्यावर बरगडीखाली दुखायचं, म्हणून भाच्याने तिला मंचरला सोनोग्राफीला नेलं. पित्ताशय स्वच्छ निघालं. उजवी किडनी लहान आणि खड्याने भरलेली दिसली. डाव्या किडनीपाशी मात्र सोनोग्राफी करणारे डॉक्टर बराच वेळ थांबले, यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागेवर फिरवलं आणि म्हणाले, पुण्याला जाऊन सीटी स्कॅन करून घ्या.

सीटीचा रिपोर्ट मी वाचला. गाठ भरीव आहे, शिरेतून दिलेलं औषध चांगलं शोषून घेते, चरबीचा अंश नाही, किडनीच्या मध्यभागी रक्तवाहिन्यांच्या दाराशी बसलेली आहे. चरबी दिसली असती तर बरं झालं असतं. अँजिओमायोलायपोमा नावाची किडनीची एक साधी गाठ असते, तिच्यात चरबी असते आणि सीटीवर ती ओळखू येते. इथे ती पळवाट नव्हती.

पुण्यातले सर्जन सरळ बोलणारे होते. त्यांनी सांगितलं की किडनीतली भरीव गाठ कॅन्सरची नाही असं सिद्ध होईपर्यंत ती कॅन्सरचीच धरायची, हा नियम आहे. चार सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी काढून तपासल्या, तर साधारण पाचातली एक निरुपद्रवी निघते. पण ती एक कोणती, हे सीटीवरून कळत नाही. दुसरी किडनी चांगली असती तर मी तुम्हाला एवढं बोलायलाही बसवलं नसतं, असं ते म्हणाले. पण उजव्या किडनीचा आकार बघून त्यांना शंका होती. म्हणून आधी ‘ईसी स्कॅन’ करायला पाठवलं. कोणती किडनी किती काम करते, ते या तपासणीत टक्क्यांत कळतं.

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात आम्ही पहिल्यांदा गेलो ते या ईसी स्कॅनसाठी. विभाग तळघरात होता. दारावर किरणोत्साराचं पिवळं चिन्ह, आत गरोदर बायकांना सूचना देणारी पाटी. आक्काला झोपवलं, शिरेत थोडंसं औषध दिलं आणि पाठीमागून कॅमेऱ्याने अर्धा तास चित्रं घेतली. संध्याकाळी आकडे आले: डावी ८४ टक्के, उजवी १६. ज्या किडनीत गाठ, तीच घर चालवत होती.

आता प्रश्नाचं रूपच बदललं. गाठ तेवढी कापून किडनी वाचवता येते. पण गाठ मुख्य रक्तवाहिन्यांना लागून असल्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर रक्तस्राव आवरला नाही, तर अख्खी किडनी काढावी लागेल, हे सर्जननी कागदावर आकृती काढून दाखवलं. तसं झालं तर उरलेल्या सोळा टक्क्यांवर माणूस चालत नाही. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि तोही जन्मभर.

आक्का सगळं ऐकत होती. मध्येच म्हणाली, “डॉक्टर, काढल्यावं कळणार ती वाईट व्हती का नव्हती. आन चांगली निघाली तर? मपली किडनी परत बसवणार का?”

सर्जन काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “मावशी, प्रश्न बरोबर आहे.” त्यांनी तिथूनच न्यूक्लिअर मेडिसिनच्या मॅडमना फोन लावला.

मॅडमचं म्हणणं थोडक्यात असं. किडनीच्या गाठींमध्ये ‘ऑन्कोसायटोमा’ नावाचा एक दुर्मीळ प्रकार आहे. किडनीच्या शंभर गाठींत तीन ते सात. १९४२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. पण १९७६ मध्ये क्लाइन आणि व्हॅलेन्सी या दोन डॉक्टरांनी तेरा रुग्णांची माहिती एकत्र छापली, तेव्हा कुठे वैद्यकाने त्याची नीट दखल घेतली. ही गाठ वाढते, पण पसरत नाही. अडचण एकच: सीटीवर ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिची एक खूण आहे. तिच्या पेशी मायटोकाँड्रियांनी ठासून भरलेल्या असतात. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जानिर्मितीची केंद्रं. नववीच्या वर्गात मी ती फळ्यावर काढायचो.

आणि मायटोकाँड्रियात जाऊन बसणारं एक औषध हृदयाच्या डॉक्टरांकडे तयारच आहे. त्याचं नाव सेस्टामिबी. विभागातले सगळे त्याला नुसतं ‘मिबी’ म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतं का, हे बघण्यासाठी ते १९९० पासून वापरात आहे. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ शोधायलाही तेच. हृदयाचा स्नायू अखंड राबतो, म्हणून त्यातही मायटोकाँड्रिया भरपूर. किडनीचा नेहमीचा कॅन्सर, ज्याला क्लिअर सेल म्हणतात, त्याच्या पेशींत मायटोकाँड्रिया कमी असतात आणि आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंपही असतात. म्हणजे मिबी दिल्यावर गाठ किडनीइतकीच उजळली तर ऑन्कोसायटोमाची आशा. विझलेली दिसली तर कॅन्सर धरून चालायचं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये ५० रुग्णांवरचा अभ्यास छापला होता. त्यात सहा ऑन्कोसायटोमांपैकी पाच उजळले होते, ऑन्कोसायटोमाच्याच जवळच्या एका मिश्र प्रकारच्या दोन्ही गाठी उजळल्या होत्या आणि बाकीच्या ४२ गाठींपैकी ४० विझलेल्या होत्या. मॅडमनी हे आकडे सांगितले आणि लगेच बजावलं, “५० रुग्ण म्हणजे फार नाहीत, सर. आमच्याकडे किडनीसाठी मिबी क्वचितच करतात. शंभर टक्के उत्तर मिळेल या आशेने येऊ नका.”

गावाकडून सल्ले येतच होते. एका नातेवाइकाने सांगितलं, ही मधली तपासणी कशाला, सरळ पेट स्कॅन करा, त्यात सगळं दिसतं. मीही मॅडमना तेच विचारलं. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर देतात. ती लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनी आपोआपच लखलखते आणि तिच्यातली गाठ त्या उजेडात हरवते. शिवाय किडनीचे बरेच कॅन्सर साखर फारशी ओढतही नाहीत. फुप्फुसाच्या किंवा लिम्फच्या कॅन्सरला जी तपासणी उत्तम, ती इथे कामाची नाही. महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी, ही समजूत आमच्याकडे घट्ट आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मला मात्र तळघरातल्या त्या कॅमेऱ्याने वेगळ्याच कारणाने धरून ठेवलं. नारायणगावपासून जवळच, खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अवाढव्य डिश. दर २८ फेब्रुवारीला तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा मी पोरांना घेऊन जायचो. या डिश आभाळात किरण सोडतात, असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला वर्षानुवर्षं भेटले. मी सांगून दमलो की त्या काही सोडत नाहीत, आभाळातून येतं तेवढं फक्त ऐकतात. तळघरातला गॅमा कॅमेराही त्याच जातीचा निघाला. सीटीचं यंत्र किरण सोडतं आणि ते शरीराच्या आरपार जाताना किती अडले, ते मोजतं. गॅमा कॅमेरा काहीच सोडत नाही. किरण रुग्णाच्या अंगातून निघतात, तो फक्त टिपतो. सीटी गाठीचा आकार, जागा, शेजार सांगते. गॅमा कॅमेरा सांगतो की गाठीने दिलेल्या औषधाचं काय केलं. आक्काच्या बाबतीत आकार सगळा माहीत झाला होता, अडलं होतं ते गाठीच्या वागण्यापाशी.

तारीख लगेच मिळाली नाही, आणि त्याचं कारण मला विभागातल्या तंत्रज्ञ मुलाने समजावून सांगितलं. मिबीला जोडायचं किरणोत्सारी मूलद्रव्य म्हणजे टेक्नेशियम. त्याचा अर्धायुकाल सहा तास. सकाळी असलेलं दुपारी निम्मं. त्यामुळे ते दुकानात साठवता येत नाही. दवाखान्यातच रोज काढावं लागतं. त्यासाठी जनरेटर नावाचं एक जड, शिशाने मढवलेलं उपकरण येतं. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते ६६ तासांत निम्मं होतं आणि त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं. मॉलिब्डेनम अणुभट्टीत बनतं. आपल्याकडे तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत ते बनवतात, वाशीची ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था जनरेटर आणि औषधांच्या कुप्या पुरवते आणि काही माल परदेशातूनही येतो. कॅनडातली चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी २००९ च्या मे महिन्यात बंद पडली, तेव्हा जगभरच्या दवाखान्यांत अशा तपासण्या खोळंबल्या होत्या. ओतूरचा कांदा पावसाने अडला तर मुंबईत भाव चढतो, हे आम्हाला कळतं. अणुभट्टीचंही तसंच आहे, हे त्या दिवशी कळलं.

दुसरं कारण आणखी साधं होतं. मिबीची कुपी एकदा टेक्नेशियम घालून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून तयार केली, की ती त्याच दिवशी वापरावी लागते. एका माणसासाठी अख्खी कुपी फोडणं परवडत नाही. म्हणून हृदयाच्या रुग्णांची यादी ज्या दिवशी असेल, त्या दिवसाला आक्काचं नाव जोडलं गेलं.

त्या दिवशी आम्ही अंधारात निघालो. उसातून बिबट्या कधी रस्त्यावर येईल याचा नेम नसतो, म्हणून भाच्याने आक्काला बांधापाशी न थांबवता गाडी थेट अंगणात आणली. राजगुरुनगर मागे पडलं आणि चाकणला नेहमीप्रमाणे अडकलो. पुणे-नाशिक रस्त्यावरून दवाखान्याची वेळ गाठायची म्हणजे काय, ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

इंजेक्शनची सुई शिशाच्या जाड नळीत घातलेली होती. ती शिशाच्याच डब्यातून आली. तंत्रज्ञाने हातमोजे घातले, काम झटपट उरकलं आणि तो दोन पावलं मागे सरला. आक्का हे सगळं टक लावून बघत होती.

“का रं पोरा,” ती म्हणाली, “तू शिशाच्या डब्यात ठिवतोस, लांब पळतोस, आन मपल्या अंगात टोचतोस व्हय?”

तो हसला नाही, ही मला आवडलेली गोष्ट. तो म्हणाला, “मावशी, तुम्हाला आज एकदाच मिळणार आणि उद्यापर्यंत संपणार. मी रोज वीस जणांना टोचतो. माझं मोजावं लागतं.” त्याने खिशाला लावलेला बिल्ला दाखवला. अशा विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरचे किरण या बिल्ल्यावर मोजले जातात आणि त्याची नोंद राहते. अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा नियमच आहे. आक्काचं समाधान झालं. मला शंका होती ती किरणांच्या मात्रेची. मॅडमनी सांगितलं, पोटाच्या एका सीटीत जेवढे किरण लागतात, साधारण त्याच्या आसपास.

सव्वा तास बसवून ठेवलं आणि मग कॅमेऱ्याखाली घेतलं. दोन मोठी चौकोनी डोकी तिच्याभोवती अगदी सावकाश फिरली. त्यापाठोपाठ त्याच टेबलावर हलकी सीटी झाली. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवतात, म्हणजे उजेड नेमका कुठून येतोय ते कळतं. आक्का यातल्या कशालाही स्कॅन म्हणत नाही. तिच्या लेखी सोनोग्राफीही फोटो, सीटीही फोटो, हाही फोटो.

मॅडमनी मला पडद्यासमोर बसवलं. उजवी किडनी फिकट, आकसलेली. डावी नारिंगी-पिवळी उजळलेली. तिच्या मधोमध सीटीवर जिथे गाठ होती, तिथे बोट ठेवून त्या म्हणाल्या, “बघा.” मला गाठ वेगळी दिसलीच नाही. भोवतालच्या किडनीइतकीच ती उजळली होती. त्यांनी संगणकावर गाठीची आणि किडनीची तुलना मोजून काढली, आकडा रिपोर्टमध्ये लिहिला आणि शेवटी एक ओळ घातली: ऑन्कोसायटोमा किंवा तत्सम ऑन्कोसायटिक गाठ असण्याची शक्यता, ऊतितपासणी करून खात्री करावी.

ही शेवटची ओळ फार महत्त्वाची होती. क्रोमोफोब नावाचा किडनीचा एक कॅन्सर आहे, तोही कधीकधी मिबी धरून ठेवतो. तो मंद गतीचा असतो. पण कॅन्सर तो कॅन्सरच. म्हणजे फोटोने आक्काला मोकळं केलं नव्हतं. त्याने काय केलं, ते सर्जननी नीट सांगितलं. गाठ विझलेली दिसली असती, तर एकुलत्या एक चांगल्या किडनीत सुई खुपसायची जोखीम न घेता त्यांनी सरळ ऑपरेशन केलं असतं. ती उजळली, म्हणून आता सुई घालण्यात अर्थ होता.

दरम्यान घरी वेगळंच नाटक झालं. भाचेसून गरोदर होती. तिच्यापासून आणि लहान पोरांपासून दुसऱ्या दिवसापर्यंत लांब राहा, पाणी भरपूर प्या, असं विभागातून सांगितलं होतं. म्हणून आक्काला घोडेगावला न नेता मी नारायणगावला माझ्याकडे, माडीवरच्या खोलीत ठेवलं. सहा तासांत निम्मं, चोवीस तासांत सोळावा हिस्सा, शिवाय लघवीवाटे जातं ते वेगळं. मी गणित मांडून दाखवलं. पण ती घरी गेली नाही एवढं गावात पुरलं. दुसऱ्या दिवशी फोन यायला लागले: “आक्काला शेक सुरू झाला म्हणं?” कॅन्सरवरच्या किरणोपचाराला आमच्याकडे शेक म्हणतात. किरण, दवाखाना, वेगळी खोली, एवढं जमलं की लोक उरलेली गोष्ट स्वतःच जुळवतात. शेकात किरणांनी गाठ जाळायची असते. फोटोत फक्त बघायची असते. हे मी फोनवर सांगत राहिलो. काहींना पटलं. काहींनी आक्काच्या नावाने भीमाशंकरला अभिषेक घातला, तोही मी नाकारला नाही.

बायोप्सी सीटीखाली सुईने झाली. एक रात्र दवाखान्यात ठेवून घेतलं, लघवीला थोडं रक्त आलं आणि थांबलं. पुण्याच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट ऑन्कोसायटोमाच्या बाजूने झुकणारा होता. सीडी-११७ ही खूण पेशींवर होती आणि सीके-७ जवळजवळ नव्हती. क्रोमोफोबमध्ये सीके-७ सहसा पसरून सापडते. सर्जन म्हणाले, दुसऱ्या तज्ज्ञाची नजर फिरवून घेऊ. त्यांनी काचपट्ट्या आणि पॅराफिनचा ब्लॉक माझ्या हातात दिला. बहिणीच्या किडनीचा कण मेणाच्या तुकड्यात गोठवलेला, आगपेटीपेक्षाही लहान. तो शर्टाच्या खिशात ठेवून मी आळेफाट्यावरून माळशेज घाटाच्या एसटीने कल्याणला उतरलो आणि लोकलने परळ गाठलं.

परळला टाटा मेमोरिअलमध्ये ब्लॉक जमा केला, पावती घेतली आणि हातात वेळ होता म्हणून जेरबाई वाडिया रस्त्यावर फिरलो. तिथेच, टाटाच्या अॅनेक्स इमारतीत, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १९६३ मध्ये सुरू झालेलं. थायरॉइडच्या आजारांवर आणि कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन देण्याचं मोठं काम या जागेने केलं आणि देशातलं पहिलं पेट यंत्र २००२ मध्ये इथेच बसलं. मी पोरांना ‘अणुऊर्जेचे शांततामय उपयोग’ हा धडा शिकवत आलो. त्यात वीज, शेती आणि वैद्यक अशी तीन उपशीर्षकं असायची आणि वैद्यकाला मी पाच मिनिटं द्यायचो. पाठ्यपुस्तकात त्याला तेवढ्याच चार ओळी होत्या.

परळच्या तज्ज्ञांचं मत पुण्याशी जुळलं. शब्द सावध होते. सुईच्या बारीक तुकड्यावरून ऑन्कोसायटोमा आहे असं ठाम लिहायला पॅथॉलॉजिस्ट कचरतात. ‘ऑन्कोसायटिक गाठ, ऑन्कोसायटोमाशी सुसंगत’ असं लिहितात. सर्जननी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले: फोटो, पुण्याचा रिपोर्ट, परळचा रिपोर्ट. मग आक्काला दोन वाटा सांगितल्या. जोखीम घेऊन गाठ काढायची, किंवा ती जागेवर ठेवून ठरावीक अंतराने मोजत राहायचं आणि झपाट्याने वाढली तरच हात घालायचा. निर्णय तिचा.

आक्काने विचारलं, “मोजायला काय लागतं?” त्यांनी सांगितलं, आधी सहा महिन्यांनी, मग वर्षाने एक तपासणी. ती म्हणाली, “मग मोजा की. रानातलं बी मोजूनच काढतो आम्ही.”

त्यालाही आता बरेच दिवस झाले. गाठ मिलिमीटरभर वाढली आहे; मोजण्यातच तेवढा फरक पडू शकतो, असं रेडिओलॉजिस्ट म्हणतात. क्रिएटिनिन १.३ च्या आसपास स्थिर आहे. दुखण्यावर मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत, ही ताकीद तिला आहे आणि ती पाळते. मेडिकलवाल्याकडून अंगदुखीची गोळी मागून खाणं आमच्याकडे किती किडन्यांना भोवलंय, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

जगात या वाटेने पुढे काम चाललं आहे. मिबी निरुपद्रवी गाठीकडे बोट दाखवतो. उलट बाजूने, क्लिअर सेल कॅन्सरच्याच पेशींना जाऊन चिकटणारं एक प्रतिपिंड झिर्कोनियम-८९ ला जोडून पेट स्कॅन करण्याची चाचणी तीनशे रुग्णांवर झाली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले. कॅन्सर असताना तो ओळखण्याचं प्रमाण साडेपंच्याऐंशी टक्के आणि नसताना ‘नाही’ म्हणण्याचं सत्त्याऐंशी टक्के. दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा टक्के चुकतं आहेच, म्हणून सुई आणि सूक्ष्मदर्शक इतक्यात निवृत्त होणार नाहीत. मला स्वतःला साधा, जुना, हृदयासाठी बनलेला मिबी जास्त जवळचा वाटतो, कारण तो पुण्यासारख्या शहरात आजही रोज उकळला जातो. त्यासाठी नवं यंत्र आणावं लागत नाही, फक्त कुणाला तरी तो सुचावा लागतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. किडनीतली भरीव गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते आणि वेळेवर काढली तर माणूस बरा होतो. आक्काचं उदाहरण देऊन कुणी ऑपरेशन टाळू नये. पण जुन्नर-आंबेगावात मुतखडा घरोघरी आहे आणि एक किडनी आतल्या आत संपलेली माणसंही आहेत. अशा घरात सोनोग्राफीत गाठ निघाली, तर ऑपरेशनच्या तारखेआधी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: कोणती किडनी किती टक्के काम करते, आणि गाठ कोणत्या जातीची ते कापण्याआधी कळण्याचा काही मार्ग या रुग्णाला लागू आहे का. आणि प्रत्येक तपासणीनंतर चित्रांची सीडी मागून घ्या. गाठ वाढली की नाही, हे ठरवायला जुनी चित्रं लागतात; नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून ते कुणालाच सांगता येत नाही.